रासायनिक क्रियांच्या चार जाती आणि आपल्या उसाची साखर



गळीत हंगाम चालू असताना कारखाना पाहायला आलेल्या सभासदांची पावले शेवटी आमच्या प्रयोगशाळेकडे वळतात. तोवर त्यांनी चुन्याचे हौद पाहिलेले असतात, गंधकाच्या भट्टीजवळून जाताना ठसका लागलेला असतो आणि काळपट, गढूळ रस एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने निवळ होऊन निघताना दिसलेला असतो. मग कुणीतरी विचारतोच, "साहेब, एवढी औषधं घातल्यावर मगच साखर तयार होते व्हय?"

उत्तर ऐकून पुष्कळांना नवल वाटते. साखर कारखान्यात तयार होतच नाही. ती तुमच्या फडात, उसाच्या पानात तयार होते आणि कांडीत साठते. कारखाना ती रसातून वेगळी करतो, स्वच्छ करतो आणि दाण्याच्या रूपाने पोत्यात भरतो, एवढेच. मग चुना, गंधक कशासाठी? तर रसातली घाण काढण्यासाठी आणि आलेली साखर वाटेत नासू नये म्हणून. कारखान्यात ज्या रासायनिक क्रिया चालतात त्यांत साखर वाढवणारी एकही नाही. साखर घटवणाऱ्या मात्र आहेत. हे एकदा नीट समजले की तोडणी, वाहतूक, पाचट, खत या सगळ्यांबद्दल शेतकी खाते जे घसा कोरडा करून सांगत असते, त्यामागचे कारण आपोआप कळते.

त्यासाठी आधी रासायनिक क्रियांचे मुख्य प्रकार पाहू. शाळेतल्या मुलांना हे पुस्तकात असतेच. आपण आपल्या शेतातली आणि कारखान्यातली उदाहरणे घेऊ.

रासायनिक क्रिया कशाला म्हणावे?

चहात साखर घातली, ती विरघळली. डोळ्यांना दिसेनाशी झाली, पण साखर ही साखरच राहिली. साधे साखरेचे पाणी सावकाश आटवले तर ती परत हाती लागते. हा फक्त रूपाचा बदल. पण तीच साखर कोरड्या कढईत जास्त तापवली की आधी पिवळी, मग तांबडी आणि शेवटी काळी होते, कडवट वास सुटतो. आता काही केले तरी पांढरी साखर परत येत नाही. जुना पदार्थ गेला, नवे पदार्थ झाले. ही रासायनिक क्रिया.

कारखान्यात पॅनमध्ये पाक शिजवून दाणा धरतात, तो रूपाचा बदल आहे. रसात जी साखर विरघळलेली होती तीच दाणा होऊन खाली बसते. नवी साखर तिथे होत नाही. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीत रस आटवतो तेव्हाही मुख्य काम पाणी काढण्याचेच असते.

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी ती वजनाची. रासायनिक क्रियेत वजन नाहीसे होत नाही आणि नव्याने येतही नाही. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लव्हाझिए यांनी १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा नियम मांडला आणि त्यासाठी उदाहरण घेतले ते साखर आंबण्याचेच. जेवढे आत घातले तेवढे बाहेर निघालेच पाहिजे. काही वायू होऊन उडाले तर तेही हिशोबात धरायचे. आपल्या वजनकाट्यासारखाच हा चोख हिशोब आहे.

आता प्रकार. जमिनीच्या व्यवहारावरून ते चटकन ध्यानात राहतात. दोन तुकडे मिळून एक गट झाला, हा संयोग. एका गटाची वाटणी होऊन दोन झाले, हे अपघटन. एकाच्या ताब्यातला तुकडा दुसऱ्या जोरकस माणसाने घेतला आणि पहिला बाहेर पडला, हे विस्थापन. दोघांनी आपापसात तुकड्यांची अदलाबदल केली, हे दुहेरी विस्थापन.

१. संयोग

दोन किंवा अधिक पदार्थ मिळून एकच नवा पदार्थ तयार होतो त्या क्रियेला संयोग म्हणतात.

कारखान्यातले उदाहरण गंधकाच्या भट्टीचे. पिवळा गंधक हवेत जळतो, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो, आणि ठसका आणणारा सल्फर डायऑक्साइड वायू तयार होतो.

गंधक + ऑक्सिजन → सल्फर डायऑक्साइड

हिशोब असा की ३२ किलो शुद्ध गंधकाला ३२ किलो ऑक्सिजन लागतो आणि ६४ किलो वायू मिळतो. भट्टीत घातलेल्या गंधकाच्या दुप्पट वजनाचा वायू निघतो, तो या हवेतल्या भागीदारामुळे.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो फसफसतो, फुटतो, पाणी उकळू लागते.

कळीचा चुना + पाणी → विरलेला चुना

५६ किलो कळीचा चुना १८ किलो पाणी आपल्यात घेतो आणि ७४ किलो विरलेला चुना होतो. वरचे जे पाणी राहते ते नुसते मिसळलेले असते, त्याचा या हिशोबाशी संबंध नाही. ही क्रिया होताना उष्णता बाहेर पडते. संयोगाच्या बऱ्याच क्रियांत असे होते. म्हणून चुना विरवताना तोंड हौदावर धरू नये आणि पोरांना जवळ येऊ देऊ नये. डोळ्यात उडालेला चुना दृष्टी घेऊन जातो.

२. अपघटन

हे संयोगाच्या उलट. एक पदार्थ फुटतो आणि त्याचे दोन किंवा अधिक पदार्थ होतात. मात्र तो आपोआप फुटत नाही. काहीतरी निमित्त लागते. कधी उष्णता, कधी पाणी, कधी सूक्ष्म जंतू.

उष्णतेचे उदाहरण म्हणजे चुन्याची भट्टी. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजली की फुटते.

चुनखडी → कळीचा चुना + कार्बन डायऑक्साइड

१०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो वायू भट्टीच्या तोंडातून उडून जातो. भट्टीवाला माल कमी देतो असे म्हणण्यात अर्थ नाही, वजनाचा हिशोबच तसा आहे. गंमत म्हणजे तोच चुना भिंतीला लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो, पाणी सोडतो आणि भिंतीवर पुन्हा चुनखडीचाच पातळ थर धरतो. म्हणूनच वाळलेला पोतारा ओल्यापेक्षा पक्का असतो.

पाण्याने होणारे अपघटन शेतात रोज चालते. तुम्ही टाकलेला युरिया जमिनीतल्या ओलाव्यात युरिएज नावाच्या विकराच्या मदतीने फुटतो, त्यातून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड होतो. अमोनिया मातीत राहिला तर पिकाचा, हवेत गेला तर कुणाचाच नाही. युरिया उघड्यावर, ओल्या मातीच्या वर फेकला आणि वर ऊन तापले की अमोनिया उडून जातो. जमीन चुनखडीची किंवा चोपण असेल तर आणखी वेगाने उडतो. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. ते सगळे पिकाला मिळावे असे वाटत असेल तर खत मातीआड करावे, नाहीतर दिल्यावर लगेच हलके पाणी द्यावे.

जंतूंनी होणारे अपघटन म्हणजे आंबणे. साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या मळीत, म्हणजे मोलॅसिसमध्ये, यीस्ट घातले की ते तिच्यातली साखर फोडून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते. १८० किलो ग्लुकोजपासून हिशोबाने ९२ किलो अल्कोहोल आणि ८८ किलो वायू. प्रत्यक्षात अल्कोहोल यापेक्षा थोडे कमीच मिळते, कारण यीस्टलाही स्वतःच्या वाढीसाठी वाटा लागतो. आसवनीच्या टाकीत ही क्रिया आपण मुद्दाम घडवतो. पण असेच प्रकार तुमच्या बांधावर पडलेल्या उसात न सांगता घडू लागतात. त्याविषयी पुढे.

३. विस्थापन

जास्त क्रियाशील पदार्थ कमी क्रियाशील पदार्थाला त्याच्या जागेवरून हुसकावतो आणि स्वतः तिथे बसतो.

ज्यांच्याकडे द्राक्षबाग किंवा पानमळा आहे त्यांना हे उदाहरण ओळखीचे आहे. बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद भिजवताना लोखंडी बादली किंवा पिंप वापरू नका, असे सांगतात. का? लोखंड हे तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. ते मोरचुदातल्या तांब्याला बाहेर काढते आणि आपण त्याची जागा घेते.

लोखंड + मोरचूद → हिराकस + तांबे

निळे पाणी हिरवट होऊ लागते, बादलीला आतून तांबूस थर चढतो, बादली खाल्ली जाते आणि औषधातले तांबे बादलीलाच चिकटून बसते. बागेवर फवारायला उरते ते निकामी पाणी. म्हणून मोरचूद प्लॅस्टिकच्या, मातीच्या किंवा तांब्याच्या भांड्यात भिजवावे.

याच क्रियेचा उलट उपयोगही होतो. मिश्रण तयार झाल्यावर त्यात घासून लख्ख केलेला विळा किंवा सुरी थोडा वेळ बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळे मोरचूद शिल्लक आहे, ते पाने करपवील. आणखी चुना घालावा लागेल. पाते लखलखीत राहिले तर मिश्रण बरोबर. हातातला विळा इथे प्रयोगशाळेचे काम करतो.

४. दुहेरी विस्थापन

दोन पदार्थ आपापले भागीदार बदलतात आणि दोन नवे पदार्थ होतात. बहुतेक वेळा त्यांतला एक न विरघळणारा असतो, तो साका होऊन तळाला बसतो.

बोर्डो मिश्रण हेच मुळात याचे उदाहरण. मोरचूद आणि चुना एकत्र आले की तांबे चुन्याच्या भागीदाराकडे जाते आणि चुन्यातले कॅल्शियम मोरचुदाच्या भागीदाराकडे. तांब्याचा आकाशी रंगाचा साका तयार होतो, तोच पानावर चिकटून बुरशीला अडवतो.

चोपण जमिनीचेही तसेच. तिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो, म्हणून पाणी मुरत नाही, माती वाळली की दगड होते. जिप्सम घातले की त्यातला कॅल्शियम सोडियमच्या जागी बसतो आणि सोडियम सल्फेट मोकळे होते. आता हे सोडियम सल्फेट पाण्यात विरघळणारे आहे. ते पाण्याबरोबर खाली जाऊन चरातून बाहेर पडले तरच जमीन सुधारली म्हणायची. निचऱ्याचे चर नसतील तर अदलाबदल होऊनही मीठ तिथेच राहते आणि जिप्समचा खर्च पाण्यात जातो. वरती नुसते पांढरे मीठ फुटलेली खारवट जमीन असेल तर तिला मुख्यतः निचरा आणि धुपणी लागते, जिप्सम नव्हे. म्हणून आधी माती तपासून घ्यावी, मग पोती आणावीत.

एक इशाराही इथेच देतो. अमोनियम सल्फेट आणि चुना कधी एकत्र मिसळू नका. दोघांत अदलाबदल होते, अमोनिया सुटतो, नाकाला झोंबतो. तो वास म्हणजे तुम्ही पैसे देऊन आणलेले नत्र.

आता कारखान्यात या. मोळीतून निघालेला उसाचा रस थोडा आंबट असतो. त्याचा सामू साधारण ५.२ ते ५.५ असतो, ७ म्हणजे ना आंबट ना तुरट, उदासीन. या रसात चुन्याचे पाणी घातले की आम्ल आणि अल्क यांचा मेळ बसून पाणी आणि क्षार होतो. यालाच उदासीनीकरण म्हणतात आणि तीही दुहेरी विस्थापनाचीच एक तऱ्हा आहे. त्याच वेळी चुन्यातला कॅल्शियम रसातल्या फॉस्फेटशी मिळून साका धरतो. हा साका जाळ्यासारखा काम करतो, बारीक माती, मेण, रंग यांना पोटात घेऊन खाली बसतो. मग गंधकाचा वायू सोडला की उरलेल्या चुन्याचा कॅल्शियम सल्फाइट होतो, तोही साक्यात जातो आणि रसाचा रंग उजळतो. तळाचा गाळ गाळून निघतो तो प्रेसमड, जो आपण शेतात खत म्हणून नेतो.

गुऱ्हाळावर भेंडीचे पाणी आणि चुन्याची निवळी घालून गुळव्या वरची मळी काढत असे, तेच काम इथे मोठ्या प्रमाणावर, सामू मोजून होते. मोजायचे कशासाठी? चुना कमी पडला तर रस आंबट राहतो आणि तापल्यावर साखर फुटते. जास्त झाला तर रस तांबूस-काळा पडतो आणि पुढे नळ्यांत खडा धरतो. म्हणून आमची माणसे रात्रंदिवस सामू पाहत बसलेली असतात.

ज्वलन आणि ऑक्सिडीकरण

काही जण विचारतील, जळणे ही पाचवी जात का? तसे नव्हे. ऑक्सिजनशी मिळण्याला ऑक्सिडीकरण म्हणतात आणि ते वरच्या जातींतूनच आडवे जाते. एकच माणूस कुणाचा मामा असतो आणि कुणाचा भाऊ. तशी गंधक जळण्याची क्रिया संयोगही आहे आणि ऑक्सिडीकरणही.

बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, जळते तेव्हा त्यातला कार्बन आणि हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते, उष्णता सुटते. मोळीतून निघालेल्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मे पाणी असते. आधी ते पाणी घालवण्यात उष्णता खर्च होते आणि उरलेली आपल्या कामी येते. म्हणून ओला बगॅस म्हणजे कमी वाफ. लोखंडाला गंज चढणे हेही ऑक्सिडीकरणच, फक्त फार सावकाश.

आणि तोडलेला ऊससुद्धा श्वास घेत असतो, हे लक्षात ठेवा. कोयता बसला म्हणून तो लगेच मरत नाही. श्वासाबरोबर तो स्वतःतली साखर हळूहळू जाळतो. मुळे तुटलेली, पाने नाहीत, म्हणजे आवक बंद आणि खर्च चालू.

उलटलेली साखर

आता मूळ मुद्दा. आपली साखर, शास्त्रातले नाव सुक्रोज, ही दोन लहान साखरांची जोडी आहे : ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. उसाचे पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेले पाणी घेऊन सूर्यप्रकाशाच्या बळावर, अनेक पायऱ्यांनी, ही जोडी बांधते. एकूण हिशोब मांडला तर ३४२ किलो साखरेसाठी ऊस ५२८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि १९८ किलो पाणी वापरतो आणि ३८४ किलो ऑक्सिजन हवेत सोडतो. बेरीज करून पाहा, दोन्ही बाजू ७२६ भरतात. हे काम करणारे यंत्र जगातल्या कुठल्याही साखर कारखान्यात नाही.

ही जोडी फुटते ती पाण्याने होणाऱ्या अपघटनाने.

साखर + पाणी → ग्लुकोज + फ्रुक्टोज

३४२ किलो साखर १८ किलो पाणी घेते आणि ३६० किलो माल होतो. वजन वाढलेले दिसते, गोडीही राहते. पण या दोन साखरांचा आपल्या पॅनमध्ये दाणा बसत नाही. त्या सरळ मळीत जातात. चाखून कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही, आणि पोत्यात मात्र साखर कमी भरते.

मग कळते कसे? प्रयोगशाळेत पोलॅरिमीटर नावाचे यंत्र आहे. उसाची साखर विशिष्ट प्रकाशाची पातळी उजवीकडे वळवते; फुटल्यावर जे मिश्रण होते ते डावीकडे वळवते. दिशा उलटते म्हणून या क्रियेला इन्व्हर्शन, म्हणजे उलटणे, हे नाव पडले. १८५० साली जर्मनीत लुडविग विल्हेल्मी यांनी याच यंत्राने, आम्लात साखर किती वेगाने उलटते ते मोजले. रासायनिक क्रियेचा वेग असा आकड्यात मांडण्याचे ते पहिले काम मानले जाते. जगात पहिल्यांदा वेग मोजला गेला तो आपल्याच साखरेच्या नासाडीचा.

ही क्रिया आम्लाने होते आणि उष्णतेने वेग घेते. आपल्या उसात तिला आणखी दोन मदतनीस मिळतात. उसात मुळातच असलेले इन्व्हर्टेज हे विकर तोडणीनंतर जोर धरते. आणि कापलेल्या टोकांतून शिरलेले जंतू रसातल्या साखरेवर वाढतात, आम्ल करतात, काही तर डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतात. डेक्स्ट्रान आला की रस नीट निवळत नाही आणि दाणाही वेडावाकडा धरतो. ऊस पेटवून तोडला तर उष्णतेने साल तडकते आणि जंतूंना दारे उघडी होतात, मग नासाडी आणखी लवकर. यंत्राने कांडे करून तोडलेल्या उसाला टोकेच जास्त, म्हणून त्याला अख्ख्या उसापेक्षाही कमी सवड असते.

आणि लक्षात घ्या, एकदा फुटलेली जोडी कारखान्यात पुन्हा बांधता येत नाही. चुना रस स्वच्छ करील, पुढची नासाडी थोपवील. झालेली भरून काढणार नाही.

पैशाचा हिशोब

उताऱ्यात ०.१ टक्का म्हणजे टनामागे १ किलो साखर. आकडा लहान दिसतो. पण ५ लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात तो ५,००० क्विंटल साखरेचा होतो.

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ आणि खाली, ९.५ टक्क्यांपर्यंत, तेवढीच कपात. टनाला हे ३४ रुपये ६० पैसे झाले. १०० टन ऊस घालणाऱ्या सभासदाला ०.१ टक्क्याचा फरक ३,४६० रुपयांना पडतो.

आता यातली मेख पाहा. उतारा धरतात तो सगळ्या कारखान्याचा, एकट्या सभासदाचा नव्हे. तुमचा ऊस ताजा आणि शेजाऱ्याचा तीन दिवसांचा शिळा, तरी मोळीत रस एकच होतो. शिळ्या उसाचे वजन घटते तो तोटा ज्याचा त्याला. पण त्यातली उलटलेली साखर सर्वांच्या खात्यातून जाते. सहकारात नफा वाटून घेतो, तसा हा तोटाही वाटूनच घ्यावा लागतो.

सभासदांनी काय करावे?

तोडणी चिठ्ठी हातात आल्याशिवाय आणि वाहन ठरल्याशिवाय फडाला कोयता लावू देऊ नये. मुकादमाची घाई समजण्यासारखी आहे, पण एका दिवसात वाहून नेता येईल तेवढाच ऊस पाडावा. तोडल्यापासून गाळपापर्यंत २४ तासांच्या आत काम व्हावे हे धोरण ठेवावे. उन्हाळा जवळ आला की हे आणखी कडक पाळावे.

आधी तोडलेला ऊस आधी भरावा. बऱ्याचदा ताजा ऊस गाडीजवळ असतो म्हणून तोच भरला जातो आणि कालचा तसाच पडून राहतो.

ऊस जमिनीलगत तोडावा, बुडख्यात साखर जास्त असते. शेंड्याची कोवळी कांडी मात्र वाढ्याबरोबर काढून टाकावी. तिथे जोडी अजून बांधून झालेली नसते. सुट्या साखरा जास्त, सुक्रोज कमी. असा शेंडा वजनाला भरतो, उताऱ्याला खातो. पाचट आणि मुळांची माती मोळीत जाऊ देऊ नये.

ऊस पेटवून तोडू नये. पाचटही जाळू नये. ते जळताना त्यातले नत्र आणि सेंद्रिय कार्बन हवेत जातात. सरीत ठेवून कुजवले तर खोडव्याला उपयोग होतो.

वाहन बिघडले, रस्ता बंद झाला, असे प्रसंग येतातच. अशा वेळी ऊस सावलीला ओढून, पाचटाने झाकून, वर थोडे पाणी शिंपडावे. नासाडी थांबत नाही, पण मंदावते. आणि शेतकी खात्याच्या माणसाला लगेच कळवावे. लपवून ठेवण्यात कुणाचाच फायदा नाही.

आमच्या बाजूनेही कर्तव्य आहे. गाड्यांची रांग वाढली, मोळी बंद पडली, तर केनयार्डात उभ्या असलेल्या उसातही हीच क्रिया चालू असते. ऊस बांधावर शिळा झाला काय आणि आमच्या दारात शिळा झाला काय, रसायनशास्त्र दोघांना वेगळे मोजत नाही. त्यामुळे कारखाना बंद असताना तोडणी थांबवण्याचा निरोप फडापर्यंत वेळेवर पोहोचला की नाही, हे सभासदांनी आम्हाला वार्षिक सभेत जरूर विचारावे.

पुढच्या वेळी प्रयोगशाळेत याल तेव्हा एक कांडे बरोबर घेऊन या. ताजे एक आणि तीन दिवस ठेवलेले एक. दोन्हींचा रस काढून पोलॅरिमीटरखाली दाखवू. वर सांगितलेले सगळे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी आकड्यात दिसेल.

— प्रयोगशाळा विभाग